एक पेर दुखेल

लवंगेच्या तेलाचा वास, त्याखाली रबरी हातमोज्यांचा, आणि त्याच्याही खाली, अगदी तळाशी, धुतलेल्या तांदळाचा. पहिले दोन वास दाताच्या कुठल्याही दवाखान्यात असतात. तिसरा इंदूताईंच्या हातांचा होता. रोज सकाळी घरातून निघण्याआधी त्या भाताचे तांदूळ धूत, आणि नंतर दवाखान्यातल्या साबणाने कितीही वेळा हात धुतले तरी तो ओलसर, गोडसर वास त्यांच्या बोटांच्या घड्यांत राहून जाई. डोक्यावरच्या पांढऱ्या दिव्याखाली डोळे मिटून, तोंड उघडं टाकून आडवी पडलेली असताना मला तो वास आला की वाटे, आपण कुणाच्या तरी स्वयंपाकघरात आहोत आणि थोड्या वेळाने जेवायला हाक येणार आहे.

इंदूताई मूळच्या चामटोलीच्या. उल्हासनगरातल्या एका दंतवैद्यांकडे त्यांनी उमेदीची सगळी वर्षं मदतनीस म्हणून काढली. डॉक्टर सिंधी, ते त्यांना ‘अदी’ म्हणत, म्हणजे बहीण. पुढे इंदूताईंच्या बोटांना संधिवाताने धरलं, सांधे सुपारीसारखे फुगले, आणि हत्यारं पुढे करण्याचं काम एका तरुण मुलीकडे गेलं. पण डॉक्टरांनी त्यांना जाऊ दिलं नाही. खुर्चीच्या डाव्या अंगाला एक स्टूल ठेवलं आणि सांगितलं, “अदी, तुम्ही फक्त इथे बसा.” त्या स्टुलावर बसून रोग्याचा हात धरणं, एवढंच त्यांचं काम उरलं. ते किती मोठं होतं, हे त्या खुर्चीत पडल्याशिवाय कळत नसे.

मी अंबरनाथच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते, अधूनमधून कविता लिहिते आणि बदलापूरला, हेंद्रेपाड्यात राहते. तीन वर्षांपूर्वी खणून ठेवलेल्या रस्त्यात रिक्षाने गचका खाल्ला, पुढच्या लोखंडी दांड्यावर माझं तोंड आपटलं आणि वरचे समोरचे दोन दात मुळासकट गेले. दुखणं आठवड्याभरात ओसरलं. जे गेलं ते दुसरंच होतं. माझ्या वडिलांनी मला अक्षरांच्या आधी कविता दिली होती. संध्याकाळी देवापाशी दिवा लागला की ते एक ओळ म्हणत आणि मी ती जिभेवर घोळवून परत देत असे. कविता ही वाचायची नव्हे, तोंडात धरायची वस्तू आहे, हे मला तेव्हापासून ठाऊक. आता तिथे काढता-घालता येणारी एक तात्पुरती कवळी होती आणि ती ओळीगणिक हलत होती. एकदा वर्गात कविता म्हणताना ती निसटून खालच्या ओठावर आली. पहिल्या बाकावरच्या मुलीने चटकन मान खाली घालून वहीत काहीतरी लिहायला घेतलं. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. तिच्या त्या सभ्यपणाने मी गप्प झाले. त्यानंतर मी शिकवताना अर्थ सांगे, मुलांकडून कविता वाचून घेई, आणि बोलताना उजवा हात आपोआप तोंडावर जाई.

हाडात कृत्रिम मूळ रोवून त्यावर दात बसवतात, तसं केलं की दात पुन्हा पक्के होतील, असं सगळे सांगत होते. उपाय समोर होता. मी त्याच्यापासून पळत होते. लहानपणी एका डॉक्टरने माझी दाढ काढताना “मुंगी चावेल फक्त” असं म्हटलं होतं. ती मुंगी मला चाळिशी उलटली तरी विसरता आली नव्हती. उल्हासनगरच्या त्या दवाखान्यात मी दोनदा गेले, दोन्ही वेळा संमतीचा कागद हातात घेऊन बाकावर बसले आणि सही न करता उठून आले.

तिसऱ्या खेपेला शेजारी एक बाई येऊन बसल्या. ठेंगण्या, निळा झगा, तोंडावर मुखपट्टी, केसांत एकच काळा आकडा. त्या माझ्याकडे वळल्या.

“ओठ काय हलवताय? जप करता?”

“कविता म्हणतेय. मनातल्या मनात.”

“मग मोठ्याने म्हणा की. इथं सगळे घाबरलेलेच बसलेत, ऐकतील तरी.”

“मोठ्याने नाही म्हणता येत आता.” मी हाताआडून म्हणाले. त्यांनी त्या हाताकडे पाहिलं, मग माझ्या मांडीवरच्या कागदाकडे. मी एकदम विचारलं, “दुखेल का हो?”

“दुखेल,” इंदूताई म्हणाल्या.

त्या एका शब्दाने मला केवढा आधार दिला, ते आजही नीट सांगता येणार नाही. तोवर भेटलेल्या प्रत्येकाने ‘काही दुखत नाही हो’ असंच म्हटलं होतं. मी विचारलं, “किती?”

त्यांनी उजव्या हाताची तर्जनी उभी धरली. ती सांध्यांशी वाकडी झालेली होती. मग अंगठा पहिल्या पेरावर ठेवून त्या म्हणाल्या, “सुईला एवढं. एक पेर. भातात पाणी घालतो ना तांदळाच्या वर, तेवढं. त्यानंतर दुखणार नाय, पण आवाज येईल, दाबल्यासारखं होईल. आवाजाला दुखणं समजू नका. घरी गेल्यावर सुईचा अंमल उतरला की परत एक पेर. तिसऱ्या दिवशी सूज चढेल, तेव्हा दीड. मग उतरणीला.”

“आणि मला सहन नाही झालं तर?”

“तोंड उघडं असताना बोलता येत नाय. माझं बोट तुमच्या हातात असेल. पहिलं पेर दाबलं तर मला कळेल, थोडं दुखतंय. दुसरं दाबलं तर जास्त. तिसरं दाबलं की मी डॉक्टरांना म्हणणार, थांबा. आणि ते थांबणार.”

“खरंच थांबतात?”

दारातून डॉक्टरांनीच उत्तर दिलं. “मॅडम, अदी बोली रुको, तो रुको. माझी काय हिंमत?”

मी सही केली. इंदूताई उठताना म्हणाल्या, “दात बसले की पहिली कविता मला ऐकवायची. कबूल?” मी मान डोलावली. 

त्यांचं हे पेरांचं माप त्या दवाखान्यात सर्वांना पाठ होतं. माझी पाळी यायची होती त्या दिवशी आत जीन्सच्या कारखान्याचे एक दांडगे मालक खुर्चीत होते. दाराआडून आवाज येत होता.

“अदी, हाथ मत छोड़ना हां!”

“सेठ, हात कुठं जातोय? पण डेनिम समजून पिळू नका, मला संध्याकाळी भाकऱ्या थापायच्यात.”

“सच बोलो, कितना?”

“एक पेर.”

“पक्का?”

“पक्का. जास्त निघालं तर तुमच्याकडे बटणं लावायला येईन.”

थोड्या वेळाने सेठ गालावर बर्फाची पिशवी धरून बाहेर आले आणि बाकावरच्या आम्हा सगळ्यांना उद्देशून, जड जिभेने, निकाल जाहीर करावा तसे म्हणाले, “एक ही था.”

माझ्या वेळीही एकच निघालं. सुईचा तो थंड, टोकदार क्षण नेमका त्यांनी दाखवला तेवढा होता. पहिल्या पेरापाशी सुरू झाला आणि तिथेच संपला. मग ओठ परका झाला. यंत्र सुरू होण्याआधी इंदूताई कानाशी म्हणाल्या, “आता घरघर येईल. जात्यासारखी. दहा मोजेपर्यंत.” घरघर आली. ती कानांनी नव्हे, कवटीच्या आतून ऐकू येत होती, जणू माझ्याच घरात कुणी भिंतीला खिळा ठोकायला जागा करत होतं. “आता थंड पाणी.” पाणी आलं. “आता कट्कट्कट् ऐकू येईल, ते मूळ घट्ट बसवायचा पाना आहे. मोडत काही नाय, बसतंय.” प्रत्येक आवाज येण्याआधी त्याचं नाव येत होतं आणि नाव ठेवलेल्या आवाजाची भीती उरत नव्हती. मध्येच एकदा मी घाबरून त्यांचं तिसरं पेर दाबलं. दुखत काहीच नव्हतं, नुसतं धैर्य संपलं होतं. “डॉक्टर, थांबा.” सगळं थांबलं. त्या शांततेत मला धुतलेल्या तांदळाचा वास आला. कुणीही ‘काय झालं’ असं विचारलं नाही. मीच बोट सैल सोडलं, तेव्हा पुन्हा सुरू झालं.

तिसऱ्या दिवशी मात्र सूज डोळ्यापर्यंत चढली आणि दुखणं दीडावर थांबलं नाही. अडीच तरी असावं. मी दवाखान्यात फोन केला, डॉक्टरांनी औषध बदलून दिलं, घाबरण्यासारखं नाही म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी खरोखर उतार पडला. मी ते विसरूनही गेले असते. पण रविवारी दुपारी दारावरची घंटा वाजली. इंदूताई उभ्या होत्या. हातात पिशवी, पिशवीत कापडात गुंडाळलेला गरम डबा.

“पेज आणलीय. मऊ आहे, चावायला नको.” बसल्यावर पाणी प्यायच्या आधीच त्या म्हणाल्या, “बाई, माझं माप चुकलं. तेवढं सांगायला आले.”

“अहो, त्यासाठी एवढ्या लांब? फोनवर सांगायचं.”

“माप फोनवर कसं दाखवू?” त्यांनी तर्जनी उभी केली आणि अंगठा दुसऱ्या पेराच्या वर सरकवला. “इथपर्यंत गेलं ना?”

“थोडं वर.”

त्यांनी अंगठा आणखी वर नेला. “इथं?”

“हो.”

अंगठा तिथेच ठेवून त्या म्हणाल्या, “समोरच्या वरच्या दातांना सूज जास्त चढते, हे मला कळायला पाहिजे होतं. मी सगळ्यांना सांगते तेच तुम्हाला सांगितलं. एकदा माझं खोटं ठरलं ना बाई, की पुढल्या वेळी माझा हात नुसता हात राहतो. मग धरून काय उपयोग?”

मी त्यांची समजूत घालायला गेले; त्यांनी घालू दिली नाही. चुकीला त्या चूकच म्हणू देत होत्या, मोठी करत नव्हत्या आणि लहानही. मी चहा केला, बशीत चिवडा ठेवला. चहात बिस्कीट बुडवून त्यांनी ते अलगद जिभेवर ठेवलं. चिवड्याला हात लावला नाही. मुखपट्टीविना मी त्यांना प्रथमच पाहत होते. हसल्या तेव्हा दिसलं की खालच्या दाढा दोन्ही बाजूंनी नाहीत.

“दुसऱ्यांच्या दाढा बघता बघता माझ्या गेल्या,” माझी नजर ओळखून त्या म्हणाल्या.

“मग बसवून का घेत नाही? डॉक्टर तर घरचेच.”

“दर दिवाळीला म्हणतात, अदी, बैठो. मी म्हणते, पुढल्या दिवाळीला.”

“भीती वाटते? तुम्हाला?”

“तुम्हाला भीती होती कारण काही ठाऊक नव्हतं. मला सगळं ठाऊक आहे. कुठल्या आवाजाला तोंडात काय चाललंय ते मला दिसणार. आणि…” त्यांनी डब्याचं झाकण उगीच उघडून पुन्हा लावलं. “त्या स्टुलावर मीच बसते ना. मी खुर्चीत गेले तर स्टुलावर कोण?”

मी पेज प्यायले. कोमट, मिठाची, तुपाचा एक थेंब टाकलेली. घशाखाली जाताना ती सगळ्या चेहऱ्यावरून हात फिरवत गेली.

हाडाने मूळ धरायला चार-पाच महिने जावे लागतात. मधून मधून तपासणीला गेले की मी अधीर होई. इंदूताई म्हणत, “लावलेलं रोप धरलंय का म्हणून रोज उपटून बघता का? राहू दे त्याला.” वाटेतल्या पालेगावकडच्या नव्या इमारतींच्या धुळीतून घरी परतताना मी जीभ त्या रिकाम्या जागेवर टेकवत असे. आत, माझ्या नकळत, माझंच हाड एका परक्या धातूला सावकाश आपलं म्हणत होतं. शरीराला असा पाहुणचार येतो, याचं मला नवल वाटे.

मग एका सकाळी दात बसले. डॉक्टरांनी आरसा हातात दिला. आरशात मी होते, अपघाताच्या आधीची, थोडी थकलेली. बाहेरच्या खोलीत सात-आठ माणसं बसली होती. इंदूताई पदराला हात पुसावेत तसे झग्याला हात पुसत समोर येऊन उभ्या राहिल्या.

“हं बाई. कबूल केलं होतं.”

मी श्वास घेतला. ओळ जिभेवर तयार होती, दात पक्के होते, काहीही हलत नव्हतं. आणि माझा उजवा हात उठला व तोंडावर जाऊन बसला.

“आज नको,” मी हाताआडून म्हणाले.

त्यांनी आग्रह केला नाही. “दात बसले. हात अजून खाली यायचाय,” एवढंच म्हणाल्या आणि तर्जनी उभी करून विचारलं, “किती?”

मी त्यांचं तिसरं पेर दाबलं. “मग थांबू,” त्या म्हणाल्या.

तीन महिने गेले. मी पेरू खाल्ला, भाजलेलं कणीस खाल्लं, वर्गात स्पष्ट बोलू लागले. कविता मात्र अजून मुलांकडूनच वाचून घेत होते. मग एका संध्याकाळी इंदूताईंचा फोन आला.

“डॉक्टरांना हो म्हटलंय. गुरुवारी. तुम्ही येता का स्टुलावर बसायला?”

“मी? मला त्यातलं काय कळतं, इंदूताई?”

“म्हणून तर तुम्ही. कळणाऱ्याने आवाज सांगितले तर मला दुप्पट दिसेल. तुम्ही कविता म्हणा. मोठ्याने. यंत्रापेक्षा मोठ्याने.”

हे त्यांनी स्वतःसाठी मागितलं की माझ्यासाठी, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पुढे त्या काम सोडून चामटोलीला भावाकडे राहायला गेल्या. तिथे भेटायला गेले की दोन्ही गालांनी भाजलेले शेंगदाणे चावत अंगणात बसलेल्या असतात, आणि हा प्रश्न विचारला की नुसत्या हसतात, तोंड भरून.

त्या गुरुवारी खुर्चीत पडलेल्या इंदूताई फार लहान दिसल्या. पायाची बोटं आत वळलेली होती. मीही मुखपट्टी बांधून स्टुलावर बसले आणि माझी तर्जनी त्यांच्या हातात दिली. इतक्या वर्षांत शेकडो लोकांनी विचारलेला प्रश्न त्यांनी मला अगदी बारीक आवाजात विचारला.

“दुखेल का हो?”

“दुखेल. सुईला एक पेर. त्यापुढचं मला ठाऊक नाही, इंदूताई. माप चुकलं तर रविवारी पेज घेऊन येईन.”

त्या हसल्या. सुई गेली; त्यांनी पहिलं पेर दाबलं आणि सोडलं. मग डॉक्टरांनी यंत्र हातात घेतलं, अजून चालूही झालं नव्हतं, तोच इंदूताईंचा अंगठा दुसऱ्या पेरावर सरकला, आणि घरघर सुरू होताच तिसऱ्याच्या अगदी काठावर आला. दुखत नव्हतं, त्या पाहत होत्या. मिटल्या डोळ्यांआड, आवाजावरून, सगळं पाहत होत्या. मला ओळ म्हणायची होती आणि माझा मोकळा हात उठला. तोंडावर पट्टी होती, झाकायला काही उरलं नव्हतं. तरीही हात पट्टीवर जाऊन बसला. तेव्हा मला कळलं की मी दात झाकत नव्हतेच. त्या वर्गातल्या दुपारी पहिल्या बाकावर खाली गेलेली एक मान मी अजून झाकत होते.

मी तो हात काढला आणि इंदूताईंच्या हातावर ठेवला. आता दोन्ही हात अडकले. धुतलेल्या तांदळाचा वास वर आला. आजही, या दिवशीही, त्या तांदूळ धुऊन आल्या होत्या.

“पाणी आटलं तरी नदी वाळूत नाव सांगते…”

माझीच एक जुनी कविता, उन्हाळ्यातल्या उल्हास नदीची. पहिली ओळ यंत्राच्या घरघरीत बुडाली. दुसरी मी वर चढवली. तिसऱ्या ओळीला मला माझा आवाज ऐकू आला. थोडा गंजलेला, पण माझा. मग वडिलांकडून आलेल्या कविता आल्या, एकीचा हात धरून दुसरी. डॉक्टर ओळ संपेपर्यंत थांबत आणि मगच यंत्र चालवत, असं मला वाटू लागलं; हत्यारं देणारी मुलगी तर पुढे करायचं विसरून एकदा बोलणी खाऊन बसली. अंगठा तिसऱ्या पेराच्या काठावरून दुसऱ्यावर आला. दुसऱ्यावरून पहिल्यावर. मग तो दाबतही नव्हता. नुसता लयीत, हलकेच, माझ्या बोटावर वाजत होता.

“हो गया, अदी,” डॉक्टर म्हणाले. दिवा बाजूला झाला. मीही थांबले.

इंदूताईंनी डोळे उघडले. गालात कापसाचा बोळा, ओठ बधिर, एका बाजूला कललेले. काही बोलू नका, असं डॉक्टर सांगत होते. त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. माझ्याकडे मान वळवली, बोटावर एकदा अंगठा वाजवला, आणि त्या जड, परक्या झालेल्या जिभेने एक शब्द सावकाश जुळवून म्हणाल्या,

“पुढची.”